मिलिमीटरच्या इम्पॅक्ट गोट्या (सॉकेट): सेट कुठला घ्यावा?

प्रश्न: अर्धा इंची चौकोनाचा (गोटी अडकवायच्या चौकोनी टोकाचा) कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच, म्हणजे ठोके देत नट फिरवणारं बॅटरीवरचं मशीन, घेतला आहे. वापर म्हणजे गाडीची चाकं काढणं आणि घरची किरकोळ कामं. जुना चकचकीत गोटी-सेट आहे, तो चालेल का? नवा घ्यायचा तर किती गोट्यांचा? आणि गोटी मिलिमीटरमध्ये असताना चौकोन इंचात कसा?

उत्तर: शेवटचं आधी. चौकोनाची मापं जगभर इंचातच चालतात: पाव, तीन अष्टमांश, अर्धा, पाऊण. मिलिमीटर हे फक्त नटाच्या बाजूचं माप. त्यामुळे तुम्हाला अर्धा इंची चौकोनाचा मिलिमीटर सेट हवा.

जुना सेट हातानेच वापरा. चकचकीत गोटी बहुधा क्रोम-व्हॅनेडियमची असते. कडक, पातळ भिंतीची, वर क्रोमचा मुलामा. मशीनचे ठोके बसू लागले की ती तडकते आणि तुकडे उडतात. इम्पॅक्ट गोटी बहुतेक क्रोम-मॉलिब्डेनमची, जाड भिंतीची आणि काळ्या रंगाची असते. ती ठोका थोडा पचवते. पण नुसता काळा रंग ही खूण नव्हे. अंगावर ‘इम्पॅक्ट’ असं कोरलेलं आहे का ते पाहा. हाताने असो वा मशीनने, संरक्षक चष्मा दोन्ही वेळी हवाच.

आता सेट. खोक्यावरच्या गोट्यांच्या आकड्याला भुलू नका, मापांची यादी वाचा. 10 ते 24 असं लिहिलेल्या सेटमध्ये मधलीच 16 किंवा 18 गायब असते. एम-8 बोल्टचं (आट्याचा व्यास 8 मिलिमीटर) डोकं सहसा 13 चं, जपानी पद्धतीच्या गाड्यांवर 12 चं. एम-10 वर 17, 16 किंवा 14 यांतलं काहीही निघतं, एम-12 वर 19, 18 किंवा 17. म्हणून 10 पासून 19 पर्यंत एकही माप न गाळलेला सेट घ्या, वर 21 आणि 22 असाव्यात. चाकाचे नट बहुतेक 17, 19, 21 किंवा 22 चे असतात.

गोटी सहा कोनांची घ्या. बारा कोनांची लवकर बसते खरी, पण नटाच्या कोपऱ्यांवरच जोर देते आणि गंजलेला नट गोल करते. एकच सेट परवडत असेल तर खोल गोट्यांचा घ्या, बाहेर आलेला आटा आत मावतो. अडचणीच्या जागी मात्र खोल गोटी शिरत नाही. तिथे जुनी उथळ गोटी आणि रॅचेट (एकाच दिशेने फिरवणारी हातदांडी). अलॉय चाकांसाठी पातळ भिंतीची, बाहेरून प्लास्टिकचं आवरण असलेली इम्पॅक्ट गोटी वेगळी मिळते.

एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारी दांडी) आणि युनिव्हर्सल जॉइंटही (वाकणारा सांधा) इम्पॅक्टचेच हवेत. साधा जॉइंट सगळ्यात आधी तुटतो. एक्स्टेन्शन जितकं लांब आणि सांधे जितके जास्त, तितका ठोका वाटेतच जिरतो. हटून बसलेल्या नटावर गोटी थेट मशीनला लावा.

घट्ट करताना नट आधी बोटांनी दोन-तीन आटे चढवा, मगच मशीन. शेवटचा ताण टॉर्क रेंचने (ताण मोजणाऱ्या पान्याने), आमनेसामनेच्या क्रमाने. लहान गाड्यांना तो बहुधा 90 ते 120 न्यूटन-मीटर असतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा प्रमाण. मशीनने आवळत राहिलात तर स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्याचा दांडा) ताणला जातो, आणि पुढे रस्त्यात पंक्चर झालं तर हातपान्याने नट हलतच नाही.

प्रश्न: चाकाच्या नटावर 19 ची गोटी चढत नाही, 20 ची सैल होते. नटाचं माप चुकलं आहे का?

उत्तर: नट वरून चकचकीत टोपीचा असणार. आत लोखंडी नट, वर पत्र्याची पातळ टोपी. मधे पाणी शिरलं की गंज फुगतो आणि टोपी अर्धा मिलिमीटर वाढते. 20 ची गोटी मशीनवर लावू नका, टोपी फिरून निघेल आणि खालचा नट आकाराने लहान पडेल. यासाठी 19.5 आणि 21.5 च्या गोट्या मिळतात. नट निघाले की परत तेच बसवू नका. टोपी नसलेले अखंड नट घ्या. आटा आणि बैठकीचा आकार (शंकूसारखी, गोल की सपाट) जुन्याशी जुळवून.