सर्व्हरवर फाइल कन्व्हर्जनचं सॉफ्टवेअर: लायसन्स कोरवर घ्यावं की सर्व्हरवर, आणि पैसे कधी भरावेत?

तुमच्या वेब अ‍ॅप्लिकेशनवर लोक वर्ड-एक्सेल फाइल्स अपलोड करतात, त्यांची पीडीएफ सर्व्हरवरच व्हायला हवी, आणि ट्रायल डाउनलोड झाली आहे, असं तुम्ही लिहिलंय. पैसे आत्ता भरू नका.

आधी लायसन्स कशावर मोजतात ते व्हेंडरकडून मेलवर लेखी घ्या. ‘पर कोर’ (प्रोसेसरच्या प्रत्येक कोरमागे) असेल तर व्हर्च्युअल मशीनला (खऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने उभा केलेला सर्व्हर) दिलेले कोर धरतात की खालच्या फिजिकल होस्टचे, म्हणजे त्या खऱ्या मशीनचे, सगळे? तुमच्या मशीनला 4 व्हीसीपीयू (व्हर्च्युअल कोर) आणि होस्टला 32 कोर असतील, तर एका वाक्याच्या अर्थावरून बिल आठपट होतं. ‘पर सर्व्हर’ असेल तर टेस्टिंगचा सर्व्हर आणि बंद ठेवलेला स्टँडबाय (राखीव) सर्व्हर मोजतात का, ते विचारा. आणि बाहेरचे ग्राहक वापरणार असतील तर तसं स्पष्ट सांगा. बऱ्याच कंपन्या त्यासाठी सास (इंटरनेटवरून सेवा म्हणून देण्याचं) किंवा ओईएम (स्वतःच्या उत्पादनात घालून देण्याचं) लायसन्स वेगळं विकतात, साधं सर्व्हर लायसन्स तिथे चालत नाही.

डॉकरमध्ये (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) चालवणार असाल तर आणखी एक अडचण. काही लायसन्स होस्टनेमला (मशीनच्या नावाला) किंवा नेटवर्क कार्डच्या मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेली असतात. कंटेनर नव्याने उभा राहिला की ही ओळख बदलू शकते, अ‍ॅक्टिव्हेशन उडतं आणि पीडीएफवर ट्रायलचा वॉटरमार्क येतो किंवा कन्व्हर्जनच थांबतं. सर्व्हर बदलायचा झाल्यास जुन्यावर आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करा. मशीन पुसून टाकल्यावर सीट (त्या मशीनवर अडकलेलं लायसन्स) सोडवायला सपोर्टकडे हात पसरावे लागतात. सर्व्हरला इंटरनेट नसेल तर ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेशन मिळतं का, हेही आधीच विचारा.

ट्रायल खऱ्या सर्व्हरवर चालवा, लॅपटॉपवर नाही. इंस्टॉलरचा एसएचए-256 (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) कंपनीने दिलेल्या आकड्याशी जुळवून घ्या. मग तुमच्याच सगळ्यात वाईट फाइल्स टाका: पासवर्डवाली, आडव्या पानावर न मावणारी एक्सेल शीट, देवनागरी मजकूर. लिनक्स सर्व्हरवर कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया हे वर्ड-एक्सेलचे फाँट सहसा नसतात. त्यांच्या जागी दुसरा फाँट बसला की ओळी सरकतात आणि 10 पानांची फाइल 11 पानांची होते. कार्लिटो (Carlito) आणि कॅलाडिया (Caladea) या फाँटच्या अक्षरांची रुंदी तीच असल्यामुळे ते टाकले की हा प्रश्न बहुतेक सुटतो. देवनागरीचा फाँट नसेल तर नुसते चौकोन दिसतील, त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही.

मुळात विकतचं लागतंय का, हेही तपासा. लिबरऑफिस एमपीएल 2.0 या मुक्त लायसन्सखाली आहे, व्यावसायिक वापरालाही फी नाही, आणि हेडलेस मोडमध्ये (स्क्रीनवर खिडकी न उघडता) ते पीडीएफ करून देतं. एकाच वेळी दोन कामं चालवायची तर प्रत्येकाला वेगळं प्रोफाइल फोल्डर (लिबरऑफिसच्या सेटिंग्जचं) द्या, नाहीतर दुसरं काम फाइल न बनवताच संपू शकतं. म्हणून फाइल खरंच तयार झाली का, हे प्रत्येक वेळी तपासा. पीडीएफ हाताळणारं घोस्टस्क्रिप्ट मात्र एजीपीएल खाली येतं, म्हणजे ते वापरून दिलेल्या सेवेचा सोर्स कोडही खुला करावा लागू शकतो. त्या अटी परवडत नसतील तर ते बनवणाऱ्या आर्टिफेक्स कंपनीचं व्यावसायिक लायसन्स घ्यावं लागतं. सर्व्हरवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस टाकून काम भागवू नका. अशा वापराला मायक्रोसॉफ्टचाच सपोर्ट नाही. एखादा डायलॉग उघडला की ‘ओके’ दाबायला तिथे कोणी नसतं आणि सगळी रांग अडकते.

विकतचंच ठरलं तर कोटेशनवर मोजणीची पद्धत, कोर किंवा सर्व्हरची संख्या आणि मेंटेनन्स संपण्याची तारीख छापून घ्या. ‘पर्पेच्युअल’ (कायमच्या) लायसन्समध्ये मेंटेनन्स संपलं तरी हातातली आवृत्ती चालत राहते, फक्त अपडेट बंद होतात. म्हणून त्या आवृत्तीचा इंस्टॉलर आणि लायसन्स फाइल स्वतःकडे जपून ठेवा. जुन्या आवृत्तीची डाउनलोड लिंक कायम चालू राहीलच असं नाही.