आपत्ती नसते तेव्हा आपत्ती व्यवस्थापनवाले दिवसभर करतात काय?

तुम्ही विचारलंय की आपत्ती काही रोज येत नाही, मग इमर्जन्सी मॅनेजर बाकीचे दिवस बसूनच असतो का, आणि आम्ही साध्या माणसांनी नेमकं काय लक्षात ठेवायचं. पहिला अर्धा प्रश्न मला घरचे पण विचारतात.

खरं सांगू का, बरेच दिवस मी फोन नंबर तपासत असतो. हसू नका. पंप कोणाकडे आहे, बोट कोणाकडे, क्रेनवाला रात्री दोनला फोन उचलतो का, हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीला कोण असतं, याची एक यादी असते आणि ती दूध नासावं तशी नासते, कोणाची बदली होते, कोणी सिम बदलतो, कोणी रिटायर होतो. मग जनरेटर चालू करून बघणं, डिझेल खरंच आहे का की नुसतं रजिस्टरमध्ये आहे ते बघणं, वायरलेसच्या बॅटऱ्या, मीटिंगा, परत मीटिंगा. एका मॉक ड्रिलला सगळं अगदी छान चाललं होतं, माणसं वेळेवर, गाड्या वेळेवर, आणि पंप ज्या खोलीत होता तिची किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या खिशात. कुलूप तोडलं शेवटी. पण ते त्या दिवशी कळलं हे बरं झालं, ड्रिल असतंच त्यासाठी, फोटोसाठी नाही (फोटो मात्र सगळ्यांना हवे असतात).

आता दुसरा अर्धा. इतकी वर्षं बघून माझं मत असं झालंय की लोकांना माहिती नसते म्हणून ते अडकतात असं फार कमी वेळा होतं, वेळ जातो तो खात्री करण्यात. इशारा आला की माणूस आधी खिडकीतून बाहेर बघतो, मग शेजाऱ्याला विचारतो, मग ग्रुपवर टाकतो 'हे खरं आहे का', मग 'मागच्या वेळी पण काही झालं नव्हतं' असं कोणीतरी म्हणतं आणि सगळे परत बसतात. मी स्वतः ऑफिसात फायर अलार्म वाजल्यावर आधी आजूबाजूला बघितलंय की बाकीचे उठतायत का, म्हणजे ज्याचं हे कामच आहे त्याची ही तऱ्हा. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, काय झालं की निघायचं हे घरात आधीच ठरवून ठेवा, निवांत असताना. पाणी अमुक पायरीला लागलं की निघायचं, बस, त्या क्षणी चर्चा नाही. कुठे भेटायचं तेही ठरवा, कारण अशा वेळी कॉल लागत नाहीत, साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. आणि मोबाइलवर तो कर्कश आवाज करत येणारा सरकारी अलर्ट बंद करून ठेवू नका, त्याला इंटरनेट लागत नाही आणि नेटवर्कवर गर्दी असली तरी तो पोचतो.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो कारण इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात. जोरात वाहणारं १५ सेंटीमीटर पाणी, म्हणजे घोट्याच्या थोडंसंच वर, धडधाकट माणसाला पाडू शकतं. ३० सेंटीमीटरमध्ये छोटी गाडी तरंगायला लागू शकते, ६० मध्ये मोठ्या गाड्या पण वाहून जातात. लोकांना वाटतं गाडी जड आहे, पण दारं बंद असलेली गाडी म्हणजे हवा भरलेला डबाच की, आणि चाकाची पकड सुटली की ब्रेक आणि स्टिअरिंगचा उपयोग शून्य. वरून गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचलाय ते दिसतच नाही. पुढचा गेला म्हणून आपण जायचं नाही, वळवा गाडी.

विजेचं सोपं आहे, गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, आत जा, झाडाखाली नाही, आणि शेवटचा आवाज ऐकल्यावर ३० मिनिटं थांबा. तुटलेल्या वायरपासून निदान १० मीटर लांब राहा, ती मेलेली दिसली तरी. लाइट गेल्यावर जनरेटर घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीशी लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. मशीन बाहेर आणि दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब. घरात पाणी माणशी रोजचं ४ लिटर धरून निदान तीन दिवसांचं ठेवा, टॉर्च, रोजच्या गोळ्या, आणि महत्त्वाचे नंबर कागदावर, कारण मोबाइल बंद पडला तर स्वतःच्या बायकोचा नंबर पाठ नसतो, विचारून बघा कोणालाही.

आणि कंट्रोल रूमला फोन केलात तर आधी 'कुठे' ते सांगा. लोक आधी काय झालं ते सांगतात, कसं झालं, कोणाची चूक, आणि मध्येच फोन कट होतो, मग आमच्याकडे सगळी गोष्ट असते पण पत्ता नसतो. जागा, खूण, किती माणसं, मग बाकीचं. समोरचा ठेवायला सांगेपर्यंत फोन ठेवू नका, तुम्ही बोलत असतानाच गाडी निघालेली असते, प्रश्न विचारतोय म्हणजे टाइमपास करतोय असं नसतं.

बसून असता का, तर हो, पुष्कळ वेळा बसूनच असतो, फोन कानाला लावून.