तुमच्या यादीत शिस्त पहिली आहे, तिथेच गडबड आहे

तुम्ही विचारलंय की सुव्यवस्थित आयुष्यासाठी लागणारी मानसिकता कशी घडवायची, आणि त्यासाठीच्या यादीत सगळ्यात वर 'शिस्त' लिहिलीय. डायरी आणता, वेळापत्रक लावता, आठव्या दिवशी सगळं बारगळतं. रोज सकाळी ऑफिसचं आयकार्ड शोधण्यात बस चुकते. 'माझा स्वभावच गबाळा आहे का?' असंही लिहिलंय.

मी भोसरीच्या एमआयडीसीत सव्वीस वर्षं टूल स्टोअर सांभाळलं. माझ्या ताब्यातला एक पाना कधी हरवला नाही. त्याच काळात घरी मात्र गाडीचं आरसी बुक दोनदा हरवलं. दुसऱ्यांदा पोलिसांत तक्रार, आरटीओत डुप्लिकेटसाठी फॉर्म २६, वर अर्धा दिवस रजा. माणूस तोच, डोकं तेच. त्यामुळे स्वभावाची सबब मला फारशी पटत नाही.

स्टोअरमध्ये काय होतं ते सांगतो. प्रत्येक कामगाराकडे त्याचा नंबर ठोकलेले पितळी बिल्ले असायचे. मायक्रोमीटर हवा? एक बिल्ला द्या, मायक्रोमीटर घ्या. तो बिल्ला मायक्रोमीटरच्या खुंटीवर लटकायचा. बोर्डावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. हत्यार जागेवर नसलं की रिकामी आकृती दहा फुटांवरून खुपायची. कोणाकडे काय आहे हे मला आठवावं लागत नसे, भिंतच सांगायची. माझी स्मरणशक्ती तेव्हाही यथातथाच होती.

पुढे कंपनीत फाइव्ह एस आलं, म्हणजे कामाची जागा नीट लावण्याची पाच पायऱ्यांची जपानी पद्धत. जपानच्या सुझुकीच्या साथीने मारुतीची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली, त्यानंतर अशा बऱ्याच जपानी पद्धती सुट्या भागांच्या कारखान्यांत झिरपत गेल्या. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, झाडापुसा, त्याची पद्धत बसवा, आणि मग शिस्त. ट्रेनिंगमध्ये नावं ऐकून आम्ही हसलो होतो. पण क्रम बघा, शिस्त पाचवी येते. तुम्ही तिच्यापासून सुरुवात करताय.

पहिल्या पायरीला आम्ही शंकास्पद वस्तूला तारीख घालून लाल टॅग लावायचो आणि एका कोपऱ्यात ठेवायचो. महिनाभर कोणी मागितली नाही तर भंगारात. पहिल्याच फेरीत दोन टेम्पो माल निघाला. त्यात एका मशीनचे जिग, म्हणजे काम जागेवर धरून ठेवायचे साचे, होते, तेलपाणी करून नीट रचलेले. ते मशीन सात वर्षांपूर्वीच विकलं होतं!

घरी मी नेमकं उलटं केलं. आधी तुळशीबागेतून प्लॅस्टिकचे डबे आणले, मग त्यांत पसारा भरला. बायको म्हणाली, "अहो, आधी निदान दिसत तरी होतं काय कुठे आहे ते." मग मी तिच्या डब्यांना लेबलं लावायला गेलो आणि तोंडघशी पडलो. ती फोनवर बहिणीशी बोलता बोलता, न बघता, मिसळणाच्या डब्यातून मोहरी-हळद-हिंग उचलते. तिला कसलं लेबल शिकवणार?

शेवटी फरक पडला तो एका खिळ्याने. स्कूटरच्या किल्लीची जागा मी आतल्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये ठरवली होती. पण दारात चपला काढताना हात बुटांच्या रॅककडेच जायचा. किल्ली तिथे पडायची, वर पेपर पडायचा, सकाळी घरभर शोधाशोध. दोन वर्षं मी स्वतःला वेंधळा म्हणत राहिलो. मग एका रविवारी त्या रॅकच्या वरच खिळा ठोकला. त्यानंतर किल्ली शोधल्याचं आठवत नाही. स्टोअरमध्ये रोजचा पाना कमरेच्या उंचीला आणि वर्षातून एकदा लागणारा वरच्या फळीवर, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. घरी सुचायला इतका वेळ का लागला, देव जाणे.

आणखी एक गोष्ट. पाळी सुटायच्या आधीची दहा मिनिटं मशीन पुसण्याची आणि हत्यारं परत करण्याची असायची, आणि त्या दहा मिनिटांचाही पगार मिळायचा. आवरणं कामातच धरलेलं होतं. घरी आपण ते रविवारवर ढकलतो आणि रविवारी पाहुणे येतात. मी रात्री जेवणानंतर दहा मिनिटं ठेवली आहेत. आठवड्यातून दोन दिवस तीही बुडतात, चालायचंच.

तेव्हा डायरी सध्या राहू द्या. आठ दिवस फक्त एवढंच बघा: घरी आल्यावर आयकार्ड गळ्यातून कुठे काढता? सोफ्यावर, फ्रिजवर, पलंगाच्या कडेला? बदलू नका, स्वतःला रागावू नका, नुसतं बघा. सगळ्यात जास्त वेळा जिथे पडतं त्याच्या हातभर अंतरात एक हूक लावा. भाड्याचं घर असेल आणि मालक खिळा ठोकू देत नसेल, तर चिकटवायचे हूक मिळतात. ओल आलेल्या भिंतीवर मात्र ते टिकत नाहीत, कपाटाच्या कडेला लावा.

कुठे पडत होतं ते सापडलं की इथेच कळवा.