तुमचे प्रश्न : झडप बदलायची, मग अँजिओग्राफी कशाला?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, मधुमेह आहे. कलमांच्या बागेतली चढण चढताना धाप लागते. इकोमध्ये ‘सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस’ (हृदयातून शरीराकडे रक्त जाण्याच्या वाटेवरची झडप फार अरुंद होणं) निघाला. झडप बदलण्याआधी अँजिओग्राफी करा म्हणतात. त्यांच्या छातीत कधीच दुखलेलं नाही. मग ही तपासणी कशासाठी? आणि ब्लॉक निघालाच, तर आधी स्टेंट टाकून झडपेचं नंतर बघितलं तर चालेल का? (राजापूर)

उत्तर : दुखलं नाही म्हणून धमन्या मोकळ्या, असं कृपया धरू नका. मधुमेहात हृदयाची कळ बऱ्याचदा जाणवतच नाही; शिवाय धाप लागते म्हणून माणूस आपोआप चाल कमी करतो. उलटही घडतं. धमन्या स्वच्छ असूनही नुसत्या अरुंद झडपेमुळे छातीत दुखू शकतं. थोडक्यात, लक्षणांवरून इथे काही ठरवता येत नाही. त्रास सुरू झालेल्या अशा पेशंटला ट्रेडमिलवर चालवणं धोक्याचं, रक्तदाब एकदम पडू शकतो. सीटी अँजिओग्राफीत धमन्यांतलं कॅल्शियम चमकतं आणि या वयात चित्र अनेकदा अस्पष्ट येतं. म्हणून नेहमीची अँजिओग्राफी.

आता ऑपरेशनच्या टेबलावर काय होतं ते पाहा. झडप बदलताना हृदय थांबवावं लागतं. त्यासाठी पोटॅशियम असलेला, बहुधा थंड द्रव हृदयाच्या धमन्यांतूनच स्नायूंत सोडतात. हार्ट-लंग मशीनवर (हृदय-फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणारं यंत्र) असताना स्नायू तग धरतो तो याच्या जोरावर. एखादी धमनी तुंबलेली असेल तर तिच्या पुढच्या भागात द्रव नीट पोचत नाही. अरुंद झडपेशी वर्षानुवर्षं झुंजून डाव्या कप्प्याची भिंत आधीच जाड झालेली असते, तिला रक्तही जास्त लागतं. तो भाग असुरक्षित राहिला, तर झडप उत्तम बसूनही हृदय पुन्हा जोमाने सुरू होत नाही. म्हणून बायपासही (अडथळ्याला वळसा देणारी रक्तवाहिनी जोडणं) करायचा असेल, तर अनेक सर्जन पायाच्या शिरेचे जोड धमनीला आधी लावतात, त्या जोडातूनही द्रव सोडतात, मग झडप बसवतात आणि छातीतली धमनी शेवटी जोडतात.

साधारणपणे हृदयाच्या एखाद्या मोठ्या धमनीत ७० टक्के किंवा त्याहून जास्त, किंवा डाव्या धमनीच्या मुख्य खोडात ५० टक्के किंवा त्याहून जास्त अडथळा असेल, तर त्याच बैठकीत बायपास करतात. त्याने ऑपरेशन लांबतं, जोखीमही थोडी वाढते. पण छाती दोनदा उघडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

उघडं ऑपरेशन ठरलंच असेल, तर आधी स्टेंट हा मार्ग सहसा सोयीचा नाही. स्टेंटनंतर ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेलसारखी गुठळी रोखणारी दुसरी गोळी काही महिने चालू ठेवावी लागते. ती चालू असताना छाती उघडली तर रक्तस्राव आवरणं कठीण जातं. लवकर बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. तोवर झडपेचा आजार थांबून राहत नाही. जांघेतून नळीने झडप बसवायची (टावी) असेल तर मात्र गणित वेगळं. तिथे मोठा ब्लॉक स्टेंटने आधी उघडण्याचा विचार होतो, कारण नव्या झडपेच्या जाळीतून नंतर धमनीपर्यंत पोचणं अवघड जाऊ शकतं.

एक सांगायलाच हवं. घरात सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर द्यायची गोळी) असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिभेखाली देऊ नका. अरुंद झडपेत रक्तदाब घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. अँजिओग्राफीआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची ते विचारा.

प्रश्न : आईची मायट्रल झडप बदलून धातूची बसवली, सोबत बायपासही झाला. रक्त पातळ ठेवणारी वारफेरिन चालू आहे. पावसाळ्यात टाकळा, शेवग्याचा पाला बंद करायचा का? (वेंगुर्ला)

उत्तर : बंद नको, पण प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवा. हिरव्या पाल्यातलं व्हिटॅमिन के गोळीचा जोर कमी करतं. एका आठवड्यात चार वेळा टाकळा आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असं झालं की आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा आकडा) हलतो. अशा झडपेसाठी तो साधारण २.५ ते ३.५ लागतो. बांगडा, पेडवे खुशाल खाऊ द्या. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नकोच. बायपासमुळे ॲस्पिरिन लिहून दिली असेल तर ती मनाने बंदही करू नका.

गोळी चुकल्याचं त्याच दिवशी लक्षात आलं तर द्या, दुसऱ्या दिवशी एकदम दोन गोळ्या मात्र देऊ नका. दुकानदाराने वारफेरिनऐवजी ॲसिट्रोम (रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी) दिली तर परत करा. दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे धरता येत नाहीत. पावसात घाट बंद पडतो, म्हणून किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात असू द्या. शौच काळं झालं, बोबडी वळली किंवा झडपेची टिकटिक अचानक मंद वाटली, तर सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : झडपेच्या ऑपरेशनआधी दात दाखवायला सांगितलंय. खरंच गरज आहे? (गुहागर)

उत्तर : हो. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसतात आणि तिथून त्यांना हटवणं फार कठीण असतं. काढायचे दात ऑपरेशनआधीच काढून घ्या, म्हणजे हिरडी भरायला वेळ मिळतो. ऑपरेशननंतर दात काढायचा किंवा हिरडीचं काम असेल तेव्हा डेंटिस्टला झडपेचं आधी सांगा. पेनिसिलीनची ॲलर्जी नसलेल्या प्रौढांना ते सहसा अर्धा ते एक तास आधी ॲमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम देतात.