वाचकांचे प्रश्न : टर्बाइनमधली वाफ थंड कशाला करायची?

प्रश्न : चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरमधून सतत पांढरे लोट निघताना दिसतात. एवढा कोळसा जाळून केलेली वाफ टर्बाइन फिरवून झाल्यावर थंड करून तिचे पाणी का करतात? तीच वाफ दाबून बॉयलरमध्ये परत पाठवली, तर कोळसा वाचणार नाही का?

उत्तर : आधी त्या लोटांविषयी. ती टर्बाइनमधली वाफ नव्हे. टर्बाइनची वाफ बंद नळ्यांच्या चक्रात फिरते आणि अतिशय शुद्ध केलेले ते पाणी हवेत सोडणे परवडणारेही नसते. कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या यंत्रात, तिची उष्णता घेणारे पाणी वेगळे असते. ते टॉवरमध्ये थंड होताना त्यातील थोडे बाष्प होऊन वर जाते आणि त्याचेच सूक्ष्म थेंब आपल्याला पांढरे दिसतात.

आता मुख्य शंका. ५०० मेगावॉटच्या संचात वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ १७० पट दाबाने टर्बाइनमध्ये शिरते. बाहेर पडते तेव्हा तिचा दाब वातावरणाच्या एक दशांशाच्या आसपास आणि तापमान ४५ अंशांच्या घरात उतरलेले असते. या प्रवासात एक किलो वाफेमागे हजार किलोज्यूलहून अधिक काम मिळते. मात्र या अवस्थेत तीच वाफ १३-१४ हजार लिटर जागा व्यापते, आणि तिला वाफेच्याच रूपात पुन्हा मूळ दाबापर्यंत चेपायचे झाले, तर टर्बाइनने कमावलेले सगळे काम, वर घर्षणाचे नुकसान धरून थोडे अधिकच, खर्ची पडेल. उलट तिचे पाणी केले की ते जेमतेम एक लिटर भरते आणि पंपाला ते बॉयलरच्या दाबापर्यंत चढवायला वीसेक किलोज्यूल पुरतात. विकण्याजोगी वीज उरते ती या तफावतीमुळे. त्यासाठी अप्रकट उष्म्याच्या (वाफेचे पाणी होताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या) रूपात किलोमागे दोन हजार किलोज्यूलच्या आसपास उष्णता सोडून द्यावी लागते, हे खरेच खटकणारे आहे. पण उष्ण आणि थंड अशा दोन टोकांवाचून कोणतेही उष्णता-यंत्र चालत नाही, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्येच दाखवून दिले होते. वरील दोन तापमानांमध्ये आदर्श यंत्रही मिळालेल्या उष्णतेच्या ६१ टक्क्यांपलीकडे काम देऊ शकत नाही. कोळशावरचे आपले बहुतेक संच प्रत्यक्षात ४० टक्क्यांच्या खालीच राहतात.

प्रश्न : मग ही उष्णता दुसरीकडे वापरता येणार नाही का?

उत्तर : कंडेन्सरमधून निघणारे पाणी कोमटच म्हणावे इतके असते, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण. मात्र उरलेली उष्णता वापरण्याची सोय आपल्याकडच्या साखर कारखान्यांनी फार चांगली साधली आहे. त्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांत बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, वाफ तयार होते आणि वीजनिर्मितीनंतर तिच्यात पुरेसा दाब शिल्लक असतानाच ती टर्बाइनमधून काढून उसाचा रस आटवण्यासाठी वापरली जाते. अशा वाफेपासून वीज किलोमागे कमी मिळते. पण तिचा अप्रकट उष्मा हवेत न जाता रसात उतरतो, म्हणून इंधनाचा एकूण उपयोग कोळशाच्या केंद्रापेक्षा कितीतरी सरस ठरतो. अर्थात हे गणित गाळप हंगामापुरतेच जमते, आणि चंद्रपूरसारख्या २९२० मेगावॉट क्षमतेच्या केंद्राशेजारी बारा महिने एवढी उष्णता रिचवणारा उद्योग उभा करणे ही निराळीच अडचण आहे.