जिबली या जपानी अॅनिमेशन स्टुडिओचा कोणता सिनेमा आजी-आजोबा आणि पाच-सहा वर्षांची मुलं एकत्र बघू शकतील? दिवाळीत सगळे इंदूरला जमतोय
'माय नेबर टोटोरो' लावा, डोळे मिटून, 'स्पिरिटेड अवे' नाही. लोक लगेच म्हणतील ऑस्कर तर स्पिरिटेड अवेला मिळालं, आणि सिनेमा म्हणून तो खरंच जबरदस्त आहे, पण त्यात सुरुवातीलाच आई-बाबांची डुकरं होतात आणि ते बघून पाच वर्षांचं पोर रडायला लागलं की सगळी संध्याकाळ गेली. टोटोरोत (१९८८, तोही दिग्दर्शक मियाझाकीचाच) व्हिलनच नाहीये. आई दवाखान्यात, बाबा आणि दोन बहिणी गावाकडच्या जुन्या घरात राहायला येतात, बस एवढीच गोष्ट, तरी पावसात बसस्टॉपवर छत्री घेऊन उभं राहायचा जो सीन आहे ना, तो लहान-मोठे सगळे एकदम गप्प होऊन बघतात. इंदूरला आपल्या घरातली मुलं हिंदीच जास्त बोलतात, सबटायटल वाचायचं त्यांचं वय नाही, म्हणून मी इंग्रजी डब लावते आणि आजींना मध्येमध्ये मराठीत सांगत जाते, बरीच गोष्ट चित्रातूनच कळते त्यामुळे काही अडत नाही. लांबीही दीड तासाच्या आत. फक्त त्याच्या पाठोपाठ 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' लावू नका, जपानात दोन्ही जोडीनेच रिलीज झाले होते हे खरं, पण तो युद्धात उपाशी मरणाऱ्या भावंडांचा सिनेमा आहे, मोठ्यांनी तो मुलं झोपल्यावर बघावा.