विंडोज ११ सोबत उबुंटू टाकलं तर डेटा उडतो का?

तुम्ही विचारलंय की ५१२ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ होम आहे, कॉलेजसाठी उबुंटूही (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार) हवं आहे, तर ते डी ड्राइव्हमध्ये टाकलं तर चालेल का. पुढे लिहिलंय, 'दुकानवाला म्हणतो विंडोज करप्ट होईल, सगळा डेटा जाईल.' हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे भाऊजी हे वाक्य २०१९ पासून दर भाऊबीजेला ताटाबरोबर वाढतात.

उबुंटू आपणहून डेटा उडवत नाही. माणसं उडवतात, आणि पुष्कळदा ती दुकानातलीच असतात.

आम्ही इंदूरचे, घर रामबागेत. तेव्हा घरात एकच लॅपटॉप होता, माझा आणि बाबांचा मिळून. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. गणेशोत्सवात मंडळाची एकांकिका तेच लिहीत, एरवी फुलस्केप कागदावर. त्या वर्षी हट्टाने टाइप करत होते, एका बोटाने, कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये. 'ज्ञ' कुठल्या कळेवर, 'क्ष' कुठल्या, हे त्यांनी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ते लॅपटॉपच्या वरच्या खिळ्याला उलटं टांगलं होतं. एक्केचाळीस पानं झाली होती. दुसरीकडे कॉपी? छे.

मला लिनक्स शिकायचं होतं. एका रात्री बसलो. विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह श्रिंक केला, ६० जीबी मोकळे केले. पेन ड्राइव्हवर उबुंटू १८.०४ घेतलं आणि इन्स्टॉल करताना 'समथिंग एल्स' मध्ये, म्हणजे जागा स्वतः निवडायच्या पर्यायात जाऊन ती मोकळी जागाच निवडली. इथपर्यंत आजही कुणी चूक काढून दाखवावी. आगाऊपणा एकच केला. कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलं म्हणून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. मशीन सुरू होताना ओळखीचीच सिस्टिम चालू देणारा तो पहारा. काही गरज नव्हती, उबुंटू सिक्युअर बूट चालू असताना तेव्हाही बसायचं, आताही बसतं.

उबुंटू झकास सुरू झालं. मग परत विंडोज निवडलं तर निळा पडदा. बिटलॉकरची रिकव्हरी की टाका, ४८ आकडी. बिटलॉकर हा शब्दच मी त्या रात्री पहिल्यांदा वाचला.

झालं काय होतं, तर होम आवृत्तीतसुद्धा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कला आपोआप हे बिटलॉकरचं कुलूप लागतं. सेटिंगमध्ये त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. त्याची किल्ली सांभाळते टीपीएम नावाची चिप, आणि मशीन रोजच्यासारखं सुरू होत असेल तरच ती किल्ली देते. मी सिक्युअर बूट बंद केलं, चिपने ओळख दाखवली नाही. फाइलींना धक्काही लागला नव्हता. बाबांची एकांकिका तिथेच होती, फक्त दार बंद.

सकाळी सुदामा नगरहून ताई आणि भाऊजी आले. भाऊजींनी ऐकून घेतलं, लॅपटॉप उचलला आणि जिथून घेतला होता त्याच दुकानात नेला. मी मागच्या सीटवर. काउंटरवरच्या मुलाने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "भिया, ये तो लॉक हो गया। फॉर्मेट मारना पड़ेगा।" मी म्हटलं, थांबा, किल्ली शोधू. भाऊजी म्हणाले, "तुझी शोधाशोध काल रात्री पाहिली." आठशे रुपये आणि दीड तास. कोरं करकरीत विंडोज घेऊन घरी आलो.

किल्ली असते कुठे? मायक्रोसॉफ्ट खात्यात, ऑनलाइन. आणि ते खातं आमचं नव्हतंच! लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने 'सेट करून देतो' म्हणत स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. आम्हाला फक्त चार आकडी पिन ठाऊक. दोन महिन्यांनी वॉरंटीसाठी बिल शोधलं, तर मागे बॉलपेनने तो ईमेल लिहिलेला. म्हणजे किल्ली त्या मुलाच्या खिशातल्या फोनवर मिळाली असती आणि तोच फॉर्मॅट मारत बसला होता. तेही सोडा. सिक्युअर बूट परत चालू करून, मशीन सुरू होतानाच्या बूट मेनूतून थेट विंडोज बूट मॅनेजर निवडला असता, तर बहुतेक त्याने किल्ली मागितलीच नसती. फुकटात.

भाऊजींना हे सगळं समजावलं. म्हणाले, "पण सुरुवात कोणी केली?" त्या वर्षी मंडळाने जुनीच एकांकिका केली. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत, कॅलेंडर मात्र सुलटं करून टांगलं.

असो. तुमचं. डी 'मध्ये' उबुंटू बसत नाही, तो विंडोजच्या पद्धतीने फॉर्मॅट केलेला असतो. डी श्रिंक करा, ५०-६० जीबी मोकळे सोडा, त्यावर नवीन ड्राइव्ह बनवू नका. तो श्रिंक विंडोजमधूनच करा. त्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि कुलूप पूर्ण उघडेपर्यंत थांबा. फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि उबुंटूतून त्या ड्राइव्हवर नीट लिहिता येत नाही. सिक्युअर बूटला हात लावू नका. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' दिसेल, तो अख्खी डिस्क पुसतो, तिकडे बोटही नेऊ नका. नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज ते स्थानिक समजतं. लिनक्सला एक आज्ञा दिली की मिटतं. आठ जीबी रॅम पुरे, एका वेळी एकच सिस्टिम चालते.

हो, आणि बॅकअप. हे मी आधी लिहायला हवं होतं. बाहेरच्या डिस्कवर घ्या, त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर नव्हे. आणि कॉलेजला नुसतं पायथन आणि टर्मिनल पुरत असेल तर हा खटाटोपच नको, विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल चालवा, म्हणजे विंडोजच्या पोटातलं लिनक्स. तेवढ्यापुरते भाऊजी बरोबर आहेत, हे त्यांना कळवू नये.

मागच्या दिवाळीत भाच्याला लॅपटॉप घेतला. मी पहिलं विचारलं, खातं कुणाच्या ईमेलवर? भाऊजी म्हणाले, "दुकानवाल्याने सगळं करून दिलंय, तू हात लावू नकोस." ते फराळाला बसले होते तेवढ्यात मी भाच्याच्या नावाने खातं बदललं, जुनं कुलूप काढून नवीन लावलं आणि ४८ आकडे वहीच्या पानावर उतरवले. पान ताईच्या देवघराच्या खणात आहे, उदबत्तीच्या पुड्याखाली. ताईला माहीत आहे.